सोललेल्या काड्या

कापसाबेत, ४ ऑगस्ट १९९४

चि. जेमेलीस,
अ. आ. इकडे सगळे ठीक. आमच्या लेकीचा, जेरोपचा, साखरपुडा वीस तारखेला ठरला.

एक गोष्ट डायरीत लिहून झाली, पण तेवढ्याने भागत नाही. गेल्या वर्षी मी कुंपणाची सेनेतवेतची पिवळ्या फुलांची झुडपं उपटली. पाला गुरांना विषारी, असं पुस्तकात वाचलं होतं. आई म्हणाली की तिच्या गाईंना ते पुस्तकाशिवायही माहीत आहे. जूनमध्ये तुझ्या सालोमीवहिनीने मुर्सिकचं दूध मुरवायच्या भोपळ्यांसाठी सेनेतवेतच्या काड्या मागितल्या. झुडपं आता नदीकाठीच उरली होती, आणि नदीपर्यंत उतरायचा मी कंटाळा केला. सायप्रसच्या फांद्या सोलून, वाळवून सेनेतवेत म्हणून दिल्या. तिने त्या जाळून भोपळ्यांना आतून कोळसा घासला, दूध भरलं.

आईने पहिलाच घोट थुंकला. तेव्हापासून ती शेजारणींपुढे विचारते, की सालोमीच्या माहेरी भोपळे घासतात की नुसते टांगतात. सालोमी ऐकून घेते. मी गप्प. आता साखरपुड्याला मुर्सिक काकूंकडून आणायचं, असं आईने जाहीर केलंय. मुलीच्या आईच्या हातचं मुर्सिक व्याह्यांना मिळालं नाही, तर सालोमीला गावात तोंड दाखवता येणार नाही.

एवढं वाचूनही लोभ कमी करू नकोस.
तुझा दादा, किबिवोट

नाकुरू, ८ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. पाढा चुकला की पोरांना उभं करणारा मास्तर बायकोला दोन महिने उभी ठेवतो, याची गंमत वाटली. फार नाही. मी आईला लिहिणार नाही, तूच सांग. लहानपणी पोट धरून रडायचास तेव्हा आई याच झुडपाचा काढा पाजायची आणि दिवसभर तू पोट साफ करत झाडीतच असायचास. तो गिळलास, हेही गिळशील.

बसच्या ड्रायव्हरकडे खऱ्या काड्यांची जुडी आणि बिया देते आहे. नदीपर्यंत उतरायला नको.

रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी, जेमेली

कापसाबेत, २२ ऑगस्ट

चि. जेमेलीस,
अ. आ. जुडी मिळाली त्याच दिवशी आईला सांगितलं, शेजारणींसमोरच. टोमणेही त्यांच्यासमोरच झाले होते. आईने भोपळ्याचं झाकण पुसून ठेवलं. मग तिने एवढंच विचारलं, की काडी पेटली की पहिल्या धुराला लाकूड कुठलं ते पोरीसोरींनाही कळतं, मग सालोमीला कसं कळलं नाही.

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. सालोमीला विचारलं. ती म्हणाली की तिला तेव्हाच कळलं होतं. पण काड्या सेनेतवेतच्या आहेत हा शब्द माझा होता, तो मागे घ्यायचा तर मीच घ्यायला हवा होता.

साखरपुड्याला तिचंच मुर्सिक वाढलं. व्याह्यांनी पेला दुसऱ्यांदा पुढे केला. आईनेही पेला रिकामा केला.

बिया मी जुन्याच जागी पेरल्या आहेत. सालोमी मला पाणी घालू देते. काड्या मात्र आता तीच आणते.

तुझा लोभ वहिनीवर असतोच. थोडा इकडेही असू दे.
तुझा दादा, किबिवोट