नारायण पेठेतले घर सुनेच्या नावे

मी, मथुराबाई मच्छिंद्र भाडळे, वय त्रेसष्ट, राहणार नारायण पेठ, पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवते. मी बरीच वर्षे डिप्रेशनच्या गोळ्या घेते. वकीलसाहेब म्हणाले, हे वाक्य गाळा, उद्या कोणी कोर्टात बोट ठेवील. मी गाळणार नाही. गोळी घेते म्हणूनच शुद्धीवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मरायला निघाले म्हणूनही हे लिहीत नाही. तसे विचार येऊन गेले आहेत. तेव्हा मृत्युपत्र सुचले नव्हते. आज सुचते आहे, यावरून काय ते समजावे.

पाठीमुळे मला एका जागी बसवत नाही. अक्षर जिथे बदललेले दिसेल तिथे मी उठून घरभर फिरून आले आहे. दुसऱ्या कोणी लिहिले, असा अर्थ काढू नये.

१. नारायण पेठेतला दोन खोल्यांचा फ्लॅट माझ्या स्वकष्टाचा आहे. यजमान गेल्यावर मी इथे विद्यार्थ्यांचे डबे करू लागले, त्याच पैशांतून तो घेतला. कणकेने भरलेली परात उचलताना पाठीत कळ गेली. ऑपरेशन झाले, चांगले झाले म्हणाले, दुखणे मात्र राहिले. दुखण्याने आधी झोप गेली, मग भूक, मग माणसे नकोशी झाली. डबे बंद पडले. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. दुखणे गेले नाही, पण त्याच्या शेजारी राहता येऊ लागले.

हा फ्लॅट माझ्या पश्चात सून सौ. नम्रता हिच्या एकटीच्या मालकीचा होईल. मुलगा योगेश याला का नाही, ते पुढे.

२. पाठ पुन्हा धरली तेव्हा योगेशने मला वाघोलीला नेले. प्रेमानेच नेले. तिथे पाहुण्यांना माझ्या गोळ्या शुगरच्या म्हणून सांगत. एके दिवशी त्या नाहीशा झाल्या. योगेश म्हणाला, "आई, असल्या गोळ्यांची सवय लागते. मन घट्ट कर." कुठला स्क्रू पिळला की मन घट्ट होते, ते त्याने सांगितले नाही. गोळ्या एकदम सुटल्याने डोक्यात झटके बसू लागले, घेरी येई, हातातली वाटी पडे. बसवेना, निजवेना, घरातून गेटपर्यंत आणि गेटपासून घरात नुसत्या खेपा. भावकी म्हणाली, पाहा, गोळ्यांनी बाईचे काय केले.

नम्रताने आधी डॉक्टरांना फोन करून विचारले. मग नवऱ्याच्या कपाटातून पाकीट काढून माझ्या हातात दिले. तो दारातच उभा होता. ती म्हणाली, "आई, तुम्ही पाणी घ्या. यांच्याशी भांडण मी करते." भांडण वाढले. तिला काही दिवस माहेरी भावाच्या घरी राहावे लागले. त्या वेळी तिला जायला स्वतःचे घर नव्हते. यापुढे असेल.

३. योगेशकडे वडिलांची वाघोलीची जमीन आहे, त्यामुळे तो उपाशी राहणार नाही. त्याच्यावरचा राग बराच उतरला आहे. सगळा नाही. बँकेतली ठेव नात संस्कृती हिला द्यावी. तिच्या लग्नासाठी म्हणून अडकवू नये. तिलाही कधी असे अंधारून आले, तर मन घट्ट करायला सांगू नये, डॉक्टरांकडे न्यावे.

४. पराती, मोठा तवा आणि पोळपाट माझ्याबरोबर पोळ्या लाटणाऱ्या सुशीलाबाईंना द्यावेत. परात दोघींनी मिळून उचलायची, हे त्यांना बजावावे. माझा कमरेचा पट्टा कोणाला देऊ नये. दहाव्याला कोणी विचारले तर माझ्या गोळ्या शुगरच्या नव्हत्या, असे स्पष्ट सांगावे.

५. सही करण्याआधी योगेशला बोलावून हे सर्व वाचून दाखवले. मी येरझारा घालत वाचत होते, तो मान खाली घालून ऐकत होता. वाटले, उठून जाईल. गेला नाही. वाचून झाल्यावर म्हणाला, "आई, आजची गोळी घेतलीस का?"

हे त्याने पहिल्यांदाच विचारले. मी म्हटले, घेतली.

घर तरीही नम्रताचेच.

खालील दोघांच्या देखत, उभ्याने सही केली. दोघांनीही माझ्या देखत सह्या केल्या.

(सही) मथुराबाई मच्छिंद्र भाडळे

साक्षीदार:
(सही) डॉ. तनुजा गोसावी, उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ, सदाशिव पेठ
(सही) भीमराव रणपिसे, शेजारी, नारायण पेठ

पुणे, ११ फेब्रुवारी २०२५