वसुधाकडचे दोन नारळ

प्रिय मालती,

काल संध्याकाळी आम्ही गुहागरहून परतलो. तुझ्यावाचूनची ही पहिली सहल. प्रवासाचे कपडे अजून पिशवीत आहेत. पण हे पत्र थांबू शकत नाही, कारण तिकडे जाताना एक विधान मनाशी पक्के करून गेले होते आणि ते मांडायला तुझ्याखेरीज योग्य व्यक्ती नाही. विधान असे: वसुधा माझी मैत्रीण होती, आणि तू ती माझ्याकडून घेतलीस. एवढेच मला सिद्ध करायचे आहे.

प्रतिपक्ष गैरहजर असताना वाद मांडणे न्यायाला धरून नाही. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले, हे मला कळते. पण तू हजर असताना तरी कधी उत्तर दिलेस? नुसती हसायचीस.

तू या घरात धाकटी सून म्हणून आलीस, त्याच्या कितीतरी आधीची आमची मैत्री. इथे मस्तगडच्या गल्लीत आमची घरे समोरासमोर होती. आम्ही एकाच बाकावर बसून शाळा संपवली. ती लग्न होऊन समुद्राकाठी गेली, मी इथेच राहिले. हे होते तोवर दर हिवाळ्यात आम्ही दोघे तिच्याकडे जात असू. हे गेले, आणि त्या वर्षी तुला आणि भाऊजींना मीच म्हटले, चला सोबत. म्हणजे दार उघडून दिले ते मी. पुढे त्या घरात तू आत आणि मी पडवीत, हे कसे झाले?

आठवतो तो पहिला हिवाळा? तू केदारखेड्याच्या शेतातला हुरडा ओल्या कापडात गुंडाळून नेलास. वसुधाने मूठभर तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले. मी तिच्यासाठी काश्मिरी शाल नेली होती. ती घडी न मोडता कपाटात गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती तुझ्याशी आपल्याकडचे बोलू लागली. "काय करून राह्यलीस गं?" असे ती तुला चुलीपाशी विचारायची, आणि माझ्याकडे वळून म्हणायची, "शैला, तुला चहा देऊ का?" मला पाहुणीची भाषा, तुला घरची. आम्ही दोघी एकाच गल्लीत वाढलो होतो, मालती!

आणि तो समुद्र. तुम्ही दोघी हातात हात घालून गुडघाभर पाण्यात ओरडत होता. मी वाळूवर बसले होते. तू लांबून हाक मारलीस, "आक्का, तिथं बसून काय करून राह्यल्या?"

"चपला राखते आहे."

"चपला कोण नेऊन राह्यलं इथं? या की!"

मी आले नाही. यायला हवे होते असे मी आजही म्हणणार नाही. पण त्यानंतर दरवर्षी चपला माझ्यापाशीच ठेवल्या जाऊ लागल्या, एवढे नोंदवते.

मात्र माझा सर्वांत भक्कम पुरावा नारळांचा होता. निघायच्या सकाळी वसुधा तुला आत बोलवायची, पाटावर बसवून ओटी भरायची. मी पडवीत. त्याबद्दल तक्रार नाही. हे गेल्यानंतरच्या पहिल्याच हळदीकुंकवाला मी सर्वांसमोर सांगून टाकले होते की मला असल्या गोष्टींत रस नाही. कोणी मला वगळण्याआधी मीच बाहेर बसले. पण तू बाहेर यायचीस तेव्हा पदरात दोन नारळ असायचे. जगरहाटीत ओटीला नारळ एक असतो. तुला दोन! याहून पक्षपाताचा उघड पुरावा कोणता?

इकडे आल्यावर तू एक नारळ देवापुढे फोडायचीस, दुसऱ्याच्या वड्या करायचीस आणि त्या वड्यांचा अख्खा डबा माझ्याकडे आणायचीस. "आक्का, ह्या तुमच्या." माझ्याच मैत्रिणीच्या प्रेमातला उरलेला वाटा मला दान करण्याची ही रीत मला असह्य होई. मी दोन वड्या ठेवून डबा परत करी. तू दरवेळी डब्याकडे पाहायचीस आणि तो घेऊन जायचीस.

असो. यंदा भाऊजी हट्टाने म्हणाले की मालती असती तर गेलीच असती, म्हणून गेलो. सोबत माझी सून अश्विनी. मनातले खरे सांगते: मला वाटले, आता वसुधा मला परत मिळेल. वाद घालणाराच उरला नाही म्हणजे दावा आपोआप सुटतो. हा विचार नीच आहे, पण होता.

घाट उतरला आणि उकडू लागले. तू सगळ्यांचे स्वेटर काढायला लावून एका पिशवीत भरायचीस आणि ती पिशवी उशाला घेऊन झोपायचीस. यंदा स्वेटर गाडीभर पसरले होते.

वसुधा दारात उभी होती. तिने आमच्या हातांकडे पाहिले. "हुरडा?" मी विसरले होते. मी मोसंबी नेली होती, चांगली निवडून. "छान आहेत," ती म्हणाली, आणि टोपली कोपऱ्यात ठेवली. मुक्कामभर तुझाच विषय. मालती मिरच्या अशा भाजायची, मालतीने ही जास्वंद लावली. मी ऐकत होते. मेल्यावरही तू जागा सोडली नाहीस.

निघायच्या सकाळी तिने अश्विनीला आत बोलावले. मी पडवीत बसले. अश्विनी एकच नारळ घेऊन बाहेर आली, आणि मला, काय सांगू, समाधान वाटले. मग वसुधा आली. तिच्या हातात दुसरा नारळ होता.

"हा कोणाच्या पदरात घालू आता?" तिने विचारले.

मी म्हटले, "दोनाचा मान मालतीचा होता. ती लाडकी होती तुझी."

"दोनाचा?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "शैला, एक तिचा आणि एक तुझा. पहिल्याच वर्षी ती पाटावरून उठली. म्हणाली, आधी आक्काचा नारळ काढा, मंग माझी ओटी भरा. न्हाई तर मला बी नको."

मला का सांगितले नाही, असे मी विचारले.

"मी येतच होते तुला बोलवायला. तिने हात धरला. म्हणाली, आक्काला इचारू नका. त्या न्हाई म्हणतील, अन् मंग ते न्हाई जन्मभर सांभाळत बसतील. मी घेते त्यांच्या नावानं."

मग मी उठले, आत गेले आणि पाटावर बसले. वसुधाने नारळ माझ्या पदरात घातला. ती म्हणाली, "इतकी वर्षं काय करून राह्यलीस गं बाहेर?"

मत्सर संपला, असे मी लिहिणार नाही. ते खरे ठरणार नाही. फक्त त्याचा विषय बदलला. माझा नकार तू माझ्याहून चांगला ओळखत होतीस, याचा आता हेवा वाटतो. आणि तू मला हे का सांगितले नाहीस? डबा परत नेताना एकदा तरी भांडायचे होतेस.

या नारळाच्या वड्या मी आज करणार आहे. पाक बिघडेल, कारण तो मी कधी शिकले नाही. अर्ध्या वड्या भाऊजींकडे जातील. आणि पुढच्या हिवाळ्यात केदारखेड्याला जाऊन हुरडा मी स्वतः निवडीन, ओल्या कापडात बांधीन, आणि समुद्रावर चपला वाळूत कुठेही टाकून पाण्यात जाईन, हा शब्द देते.

वरील विधान सिद्ध झालेले नाही. चूक एक, आणि ती माझी: दोन्ही नारळ तुझे आहेत असे मी धरून चालले होते.

तुझी,
आक्का