गार बाटली मी उघडली होती

मी, सुनेत्रा वसंतराव उपळेकर, वय वर्षे ६९, निवृत्त औषध विश्लेषक, राहणार वेलचेरी, चेन्नई, हे मृत्युपत्र कुणाचा आग्रह अगर दबाव नसताना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी आणि स्मरणशक्ती शाबूत आहे. डॉ. कौशिक यांनी परवा मला तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. माझे पती वसंतराव मागच्या आषाढात वारले. त्यांच्या हयातीत केलेले माझे मृत्युपत्र याने रद्द समजावे.

१. वेलचेरीचा फ्लॅट माझा एकुलता एक मुलगा अमोघ यास द्यावा. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. तो विकून तळमजल्यावर मोठा घेण्याच्या मोहात त्याने पडू नये. २०१५ च्या पुरात तळमजल्यावर छातीएवढे पाणी होते, तेव्हा तो बंगळुरात होता.

२. बँकेतील ठेवी अमोघ आणि नात रेवा यांना निम्म्या निम्म्या. रेवाला मराठी वाचता येत नाही. तिला हे मराठीतच वाचून दाखवावे. ऐकलेले तिला सगळे कळते.

३. वसंतरावांनी चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात चौतीस वर्षे काढली. त्यांची अवजारांची पेटी अमोघने ठेवावी. त्याला त्यातले काहीच चालवता येत नाही, तरी विकू नये. पेटीतला व्हर्नियर मात्र माझा आहे. त्याचे पुढे लिहिले आहे.

४. माझे पुरणयंत्र १९९८ पासून नणंद मधुवंतीवन्संकडे आहे. ते त्यांचेच समजावे. माझ्या तेराव्याला ते परत आणण्याचा देखावा करू नये.

५. हे कलम मिळकतीचे नाही, पण ते येथे हवे.

मी एका खाजगी प्रयोगशाळेत प्रतिजैविकांच्या तपासणीची विभागप्रमुख होते. औषधाची ताकद ठरवायला आम्ही प्रमाण नमुना वापरतो. प्रमाण नमुना म्हणजे शुद्धता आधीच पक्की ठरलेले थोडेसे औषध. जंतू वाढवलेल्या काचेच्या थाळीत हा नमुना आणि तपासायचे औषध शेजारी शेजारी घालतात. भोवती जंतू मरून जी वर्तुळे उमटतात ती व्हर्नियरने मोजतात. प्रमाण नमुनाच बिघडला, तर कमी ताकदीचे औषधही पुरे भरते.

जेंटामायसिनचा प्रमाण नमुना हवेतले पाणी ओढतो आणि ते पाणी औषध म्हणून वजनात धरले जाते. म्हणून फ्रीजमधून काढलेली बाटली खोलीइतकी कोमट होईपर्यंत उघडायची नसते, चेन्नईच्या दमट हवेत तर नाहीच. ऑगस्ट २०११ मध्ये एका दुपारी अहवाल त्याच दिवशी द्यायचा होता. माझी सहायक रंजनी, तिरुवल्लिकेणीची तंजावरी मराठी मुलगी, म्हणाली, "अक्का, बाटली गार लागते अजून. अर्धा तास ठेवूया की."

मी म्हणाले, "मला शिकवू नकोस. तराजू चालू कर."

बाटली मी उघडली. वजन तिने केले. रजिस्टरात उघडणाऱ्याच्या सहीची जागा मी कोरी सोडली. आमच्या अहवालात त्या इंजेक्शनची ताकद त्र्याण्णव टक्के आली. पुढे सरकारी तपासणीत ती शहाऐंशी निघाली. किमान नव्वद हवी होती. माल परत मागवला गेला. कुणा रुग्णाला अपाय झाल्याचे आढळले नाही, असे कळवण्यात आले. किती जणांनी शोधले, हे मला माहीत नाही.

चौकशीत विचारले, बाटली कुणी उघडली? मी म्हणाले, आठवत नाही. मला आठवत होते. वजन चुकल्याचा ठपका रंजनीवर आला आणि तिला काढून टाकले. त्यानंतर तिला कुठल्याच प्रयोगशाळेने घेतले नाही. ती आता शाळेत रसायन शिकवते.

हे फक्त वसंतरावांना ठाऊक होते. दर ऑगस्टमध्ये ते म्हणत, "त्या मुलीला फोन कर." मी विषय बदलत असे. आता तसे म्हणणारे कुणी राहिले नाही.

मी कबुलीजबाब लिहून मृत्युपत्राला जोडणार होते. ते सांगायला मागच्या महिन्यात रंजनीकडे गेले. तिने पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाली, "आमचे अप्पा गेले ते मीच चुकले असं समजून गेले. आता मी काय, तुम्ही कधी मरता म्हणून वाट बघत बसू? अक्का, द्यायचं तर आत्ता द्या. नाहीतर कॉफी प्या आणि जा."

तिचे म्हणणे बरोबर होते. मी कॉफी घेतली नाही. घरी येऊन अर्ज लिहिला आणि सोमवारी प्रयोगशाळेत व औषध नियंत्रण कार्यालयात स्वतः नेऊन दिला. दोन्हीकडच्या पोचेच्या प्रती जोडल्या आहेत. तिसरी प्रत रंजनीकडे आहे.

६. व्हर्नियर रंजनीला द्यावा. तिला विचारले आहे. ती म्हणाली, "मुलांना मोजायला लागेल." बाकी काही घ्यायला तिने नकार दिला.

७. अमोघ मला म्हणाला, "आई, वय झालंय, आठवणीत गोंधळ होतो, असं लिहून देऊ. कशाला उकरून काढतेस?" त्याचा हेतू वाईट नाही, तो घाबरला आहे. पण माझ्या डोक्यात गोंधळ आहे असे त्याने किंवा कुणीही माझ्या वतीने कुठेही लिहून देऊ नये. डॉक्टरांचा दाखला मी त्यासाठीच घेतला.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अमोघने करावी. कलम पाचमध्ये अंमल करण्याजोगे काही उरलेले नाही. जबानीसाठी मला औषध नियंत्रण कार्यालयाने येत्या अठरा तारखेला सकाळी अकराला बोलावले आहे. रंजनीने शाळेतून रजा घेतली आहे. मी जाणार आहे.

हे सर्व वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करते.

सही: सुनेत्रा वसंतराव उपळेकर

साक्षीदार:
१. डॉ. कौशिक रामन, वेलचेरी
२. देविका साळवी, शेजारीण, वेलचेरी

ठिकाण: चेन्नई
दिनांक: ९ सप्टेंबर २०२५