कुकरमधला केक आणि झुंबरकाकूंचे पाहुणे

जामखेड
१० फेब्रुवारी

ती. राजेश्वरीताईस,
शि. सा. न. वि. वि.

समोरच्या पंकजानं माझा बुडाशी करपलेला केक चहात बुडवून खाल्ला आणि अजून आहे का म्हणून विचारलं, त्या घडीला माझं सगळं बदललं. कॉलेज सोडलं तेव्हा काहीच बदललं नव्हतं, आई-दादांपैकी फक्त दादा बोलायचे थांबले होते. आता बोलतात. इंजिनिअरिंगची उरलेली वर्षं कुकरमध्येच काढणार का, असं मायेनं विचारतात.

घरात मैदा नाही, अंडी चालत नाहीत, ओव्हन आख्ख्या गल्लीत नाही. बाजरीचं पीठ, गूळ, दही, खायचा सोडा आणि कुकरच्या तळाला वाळू, एवढ्यावर संसार चाललाय. कालचा केक कडवट झाला. पंकजा कडू म्हणाली नाही, औषधी म्हणाली. किती गुणी.

मोबाईल मी भिंतीवर आपटला, तिच्या फोटोला कुणीतरी बदाम दिला म्हणून. आईला तो पडला असं सांगितलंय. म्हणून हे पत्र. लोभ आहेच, तो थोडा वाढवून कृती धाड.

तुझा शांत स्वभावाचा,
अजिनाथ

भिंगार
१४ फेब्रुवारी

चि. अजिनाथ यास,
अ. उ. आ.

एका बदामापायी मोबाईल गेला, तर सुपारीपायी घर पाडशील, म्हणून आधीच कळवते. पंकजाच्या आईचा, झुंबरकाकूंचा फोन होता. २२ तारखेच्या रविवारी तिला बघायला पाहुणे येतायत. मुलगा साखर कारखान्यात आहे.

बाजरीचं पीठ शिळं झालं की कडवट लागतं. ताजं दळून आण, निम्मी कणीक घाल. कुकरची शिट्टी आणि रिंग काढ, नाहीतर केकच्या आधी छपराचे पत्रे फुगतील.

आणि ती हवी असेल तर तोंडानं सांग. गावाशी भांडायला तुला तोंड आहे, तिच्यापुढं नुसता गूळ धरतोस. दाजी विचारतात, केक पोस्टानं येतो का. माया आहे तशीच राहील, अकलेची वाट बघते.

तुझी ताई

जामखेड
२२ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार. वाकूनच, ताठ उभं राहावं असं काही केलेलं नाही.

केक छान फुगला, तिथंच घोळ झाला. सकाळी तो काकूंच्या हातात दिला, पंकजासाठी म्हणून. वाटलं, ती खाईल आणि समजेल. शेजारी म्हणून मलाच खुर्च्या लावायला बोलावलं. पाहुण्यांना पाणी देत होतो, तेवढ्यात पोह्यांबरोबर माझा केक बाहेर आला. काकू म्हणाल्या की पंकजानंच केलाय, तिला ओव्हनबी लागत न्हाई. मुलाच्या आईनं दोन तुकडे खाल्ले आणि पोरीच्या हाताला लई चव हाय, आमाला पसंत हाय, असं तिथंच सांगून टाकलं. मुलानं तिसरा घेतला. कारखान्यात साखर पुरत नसावी.

पंकजा माझ्याकडं बघत होती. प्राचार्यांच्या टेबलावर हात आपटून कॉलेज सोडलेल्या तुझ्या वाघानं अजून पाणी हवं का, असं विचारलं.

दुपारी ती केकचं ताट परत द्यायला आली. भांडं रिकामं पाठवू नये म्हणून काकूंनी त्यात पाहुण्यांचेच पेढे घातले होते. वर निरोप, संध्याकाळी सुपारी फोडायचीय, तसलाच अजून एक केक कर. पंकजा एवढंच म्हणाली की नाही म्हणायला ती एकटी पुरेशी आहे, पण कुणासाठी नाही म्हणायचं ते कळायला हवं. आणि गेली. मी काय केलं असेल? पीठ चाळायला घेतलं. अर्धं चाळल्यावर लाज वाटली, म्हणून तुला लिहायला बसलो.

आत्ता समोर पाहुण्यांची गाडी परत येऊन थांबली. दादांनी केक झाला का विचारलं. म्हणालो, केक नाही, मीच जातोय. ते वाटेतून बाजूला झाले.

काकूंचा लोभ आजपासून आटेल, तुझा तेवढा असू दे.

अजिनाथ

ता. क. हे उंबऱ्यावर उभ्यानं लिहितोय. आतून आई विचारतेय, परातीतल्या पिठाचं काय करू. भाकरी कर म्हणालो आणि दार ओढून घेतलं.