पांढऱ्या कोंबड्यांची जात

पाडवा, १९४१

थोरला अर्जुना पलटणीतून रजेवर आला तो डालग्यात पांढऱ्या कोंबड्या घेऊन. खडकीचा साहेब विलायतेला गेला, जाताना ह्याला देऊन गेला म्हणे. गादीसारखी अंगं. आ आ केलं की पायात येतात. परत निघताना म्हणाला, "आये, जात मोडू नगंस. लढाई सरली की मलकापुरात ह्यांचाच धंदा करतो." मी बरं म्हटलं.

भरतीवाले आले त्या दिवशी धाकटा गुंडा उसात लपला होता. अंधार पडल्यावर आला, अंगभर पाचटाचे ओरखडे. म्हटलं, लुगडं देऊ का नेसायला?

नागपंचमी, १९४१

घारीने पांढरी पिल्लं उचलली. काळ्या मातीवर पांढरं, म्हणजे तिला ताट वाढून ठेवल्यासारखं. शेजारच्या दगडाबाईच्या तांबड्या कोंबड्यापासून झालेली मातकट तेवढी राहिली. दगडाबाई म्हणते, "तुजी मडम माज्या कोंबड्यावर भाळली गं." म्हटलं, "तुज्या घरातलं नर कवा गप बसल्यात?"

आखाड, १९४२

लेक साळू पोरं घेऊन आली. नातवंडांना रस्सा पाहिजे. बोलावली की येते ती कोंबडी धरायची, ही आमच्या घरची रीत. उगाच कोण पळणार मागं? शेवटच्या दोन पांढऱ्या होत्या, त्याच आल्या.

दिवाळी, १९४३

आता एकही डालग्याखाली येत नाही. दिवस मावळला की चिंचेवर. अंगं बारकी, पंख दांडगे. अंडी कुठं कुंपणात घालतात ते सापडत नाही. गुंडा म्हणाला, "आये, ह्या कोंबड्या न्हाईत, तितरं झाल्याती."

त्याचं लग्न ठरलं. पोरगी वाईकडची, मनुबाई.

शिमगा, १९४४

मसाला वाटता वाटता ध्यानात आलं. हातात घावली ती आम्ही खाल्ली. पळाली तिची पिल्लं झाली, मग पिल्लंही पळपुटी. घारीला काय शिव्या द्यायच्या — निम्मी जात ह्या पाट्यावर मोडली.

गावातही तेच. हाकेसरशी उठली ती पोरं लढाईवर. उसात शिरली ती बोहल्यावर.

अर्जुनाला काय दाखवू?

आषाढी अमावस्या, १९४४

पाटील तार घेऊन आला. आत या म्हटलं तर येईना. इटली म्हणाला. तिथल्या गावाचं नाव त्याला म्हणता येईना.

माणसं जमली तशा कोंबड्या चिंचेवर गेल्या. भर दुपारी. बाया रडत होत्या, मी वरच बघत होते.

संक्रांत, १९४५

मनूला मुलगा झाला. म्हणाली, "आत्याबाई, थोरल्या भावजींचं नाव ठिवूया का?"

म्हटलं, नको. ते नाव हाकेला ओ देतं.