न मोडणारा गिअर

उस्ताद, फार उशिरा लिहितो आहे, रागावू नका. तुम्ही गेलात तेव्हा माझे केस काळे होते, आता भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या. तुमची आठवण रोज येते, पण लिहावं असं काम निघालं नव्हतं. आज निघालं आहे. तुम्हाला आलेली मराठी पत्रं मीच वाचून दाखवायचो, तेव्हा हे तुम्हाला कोण वाचून दाखवील हाही एक घोर आहेच. चौथीतून शाळा सुटलेल्या माणसाचं अक्षर आहे, पण तुम्ही माझी कानस चालवायची रीत सहन केली, तसं हेही करा. लाईट गेली आहे म्हणून बसलो आहे. सून लग्नघरी गेली आहे, उद्या किती पीठ येणार ते विचारायला. ओसरीवर तिची शेवयांची मशीन झाकून ठेवली आहे आणि मी तिच्यासमोर खाटेवर आहे. मशीन बंद असली तरी मला तिच्याकडे पाठ करून बसवत नाही.

मशीन छोटी आहे. खाली मोटार, वर पीठ ढकलणारा मळसूत्रासारखा आटा, मध्ये गिअरच्या दोन जोड्या. आधी पट्टा होता. पिठाची भुकटी बसून तो घसरायचा, म्हणून मीच तो काढला आणि मोटार सरळ गिअरला जोडून दिली. मोटारीकडची जोडी पहिल्यापासून लोखंडी. आट्यावरचा मोठा गिअर मात्र मशीनबरोबर फायबरचा आला होता आणि तोच मोडायचा. मोडायचा तोही ऐन चैत्रात, बायका डोक्यावर परातीत मळलेलं पीठ घेऊन दारात उभ्या असताना. शेवयांचं पीठ थांबत नाही, दुपारपर्यंत आंबतं. मग त्या बायका पलीकडच्या गल्लीतल्या मशीनवर जायच्या. गेल्या साली एक म्हातारी जाता जाता म्हणाली, "बाई, तुझ्या मशीनला दात येऊन राहिले का पडून राहिले?" सगळ्या हसल्या. सून पण हसली, पण त्या दिवशी ती जेवली नाही. माझा मुलगा बाहेरगावी ड्रायव्हर आहे, सणावाराला येतो. घर तिच्या ह्या मशीनवर उभं आहे, आणि ती मला मामा म्हणते, वडिलांसारखं पाहते. संक्रांतीनंतर एक दिवस माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवून म्हणाली, "मामा, तुमी एवढ्या मशिनी केल्या. माझ्या मशीनला असा गिअर पाहा की पुन्हा मोडायचं नाव नको."

मी मोडका गिअर पंच्यात बांधून नांदेडला गेलो. दुकानदार तरुण होता, सभ्य होता. त्याने मला स्टूल दिलं, गिअर पुसला, दात मोजले, बाहेरून बाहेर माप घेतलं आणि दाताचा आकार सांगितला. हे मोड्यूल दोन्ही गिअरचं एकच पाहिजे, नाहीतर दात दातात बसणार नाही, एवढं मला तुमच्यामुळे ठाऊक होतं. मग तो विचारत गेला, मोटार किती ताकदीची, आटा मिनिटाला किती फिरला पाहिजे, दिवसाला किती तास. मी सांगत गेलो, तो मोबाइलवर हिशेब करत गेला. जोडी पोलादाची घ्या म्हणाला, लहान गिअर पाणी पाजून जास्त कडक केलेला, कारण त्याचा एकेक दात जास्त वेळा कामाला येतो, आणि मोठा त्याहून जरा मऊ. रुंदीला पहिल्यापेक्षा जाड. मी फक्त एकच हरकत घेतली. मोठ्याचे दात लहानाच्या दातांनी पूर्ण भागले जात होते, ते नको म्हटलं, एक दात जास्तीचा असेल तो द्या. तो हसला आणि म्हणाला, बाबा, बराबर बोलले. मी त्याला तुमचं वाक्य सांगितलं, की रोज तोच दात त्याच दाताला भेटला तर दोघं वैर धरतात, सगळ्यांना सगळे भेटले पाहिजेत. त्याला ते आवडलं. गिअर कागदात गुंडाळून देताना म्हणाला, तुम्ही नसाल तेव्हाही हा चालत राहील. त्याने चांगल्या मनाने म्हटलं. मी एसटीत बसल्यापासून त्यावरच विचार करतो आहे.

बसवताना मी तुमच्यासारखाच बसवला. वर्तमानपत्राची पट्टी दोन दातांमध्ये घालून हाताने फिरवली. पट्टी फाटली तर गिअर फार जवळ, सुरकुतलीच नाही तर फार लांब. तुम्ही जवळा बाजारच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये, सरकीच्या त्या खवट वासात, ती पट्टी उजेडासमोर धरून बघायचात, हातावरची रेषा बघावी तशी. माझी पट्टी नीट निघाली, सुरकुतलेली, न फाटलेली. मला वाटलं तुम्ही बघत आहात. मशीन सुरू केली तर आवाजच नाही, नुसती घुमते. सूनबाईने तिला हळदकुंकू लावलं, मला पेढा दिला. तेव्हापासून एकदाही बंद पडली नाही. पलीकडच्या गल्लीत गेलेल्या बायका परत येऊन राहिल्या. ती म्हातारी पण आली.

आणि गेल्या आठवड्यात दट्ट्या गेला. पीठ खाली दाबायला तिच्याजवळ बाभळीचा दट्ट्या आहे. बोलता बोलता तो जरा जास्त खाली गेला आणि आट्याने त्याचं टोक धरलं. पहिला गिअर असता तर कट्ट वाजून मशीन थांबली असती, दात मोडला असता, आम्ही कपाळाला हात लावला असता. ही थांबली नाही. जराशी जड झाली, म्हशीने हुंकार द्यावा तसा आवाज केला आणि दट्ट्याचं टोक खाऊन पुढे गेली. शेवयांतून बाभळीच्या बारीक काड्या बाहेर आल्या. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. सून तर हरखली, मला हाक मारून दाखवलं. "पाहिलं का मामा, आता कशालाच न्हाई भीत ही."

मी त्या काड्या वेचून हातात घेतल्या. बाभळ केवढी टणक. गर्दी वाढली की ती दट्ट्या बाजूला ठेवते आणि बोटांनी पीठ लोटते, हे मी पाहिलं आहे. हातात कोपराकडे सरकवलेल्या बांगड्या असतात. मी मशीनच्या तोंडावर जाळी बसवली, पीठ अडकतं म्हणून तिने ती काढून खुंटीला लावली. बटण तिच्या डाव्या हाताशी आणून दिलं, त्यावर ती तेलाची वाटी ठेवते. परवा मी हिय्या करून म्हणालो की मशीनमध्ये एक कमजोर जागा पाहिजे, उस्तादांचा तसा नियम होता, मोडायला स्वस्त असं काहीतरी ठेवायचं म्हणजे महागाचं वाचतं. गिअरला दांड्यावर धरून ठेवणारी खाचेतली चावी मी पितळेची घालतो, काही अडकलं तर तीच कापली जाईल, गिअर नुसता फिरेल, आटा थांबेल. तिने ऐकून घेतलं. पीठ मळत होती, हात थांबले नाहीत. मग म्हणाली, "मामा, सारी जिंदगी मोडतंय मोडतंय म्हणून ऐकलं. एक वस्तू घरात न मोडणारी आली, तर तुमी तिला मोडायची जागा करून राहिले. काहून?" पिठाचा गोळा उलटून तीच पुन्हा म्हणाली, पण हळू, "उस्ताद कवाच गेले. मशीन मी चालवून राहिले." तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

तुमच्या घरातला तो रमजान आठवतो. रोजा सुटल्यावर तुमच्या अम्मांनी खाटेच्या काठाला हाताची शेवया मशीन आवळली होती. मी दांडा फिरवत होतो, अम्मा पीठ सोडत होत्या, तुम्ही भिंतीला टेकून बिडी विझवत होता. अम्मांच्या ओढणीचं टोक आत गेलं. मी काही पाहिलं नव्हतं, पण हाताला कळलं, दांडा वेगळा लागला आणि मी थांबलो. ओढणी सोडवून अम्मा हसल्या, मला वाटीभर साखर घातलेल्या शेवया दिल्या, तुमच्याच ताटात. तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "मोटर को कलाई नई रहती रे." हे तुम्ही बोललात, याची मी शपथ घेईन. सून अशी हाताने दांडा फिरवत असती तर मला निवांत झोप लागली असती. मोटारीला मनगट नाही, म्हणून मी त्या मनगटाच्या जागी काय घालू, एवढाच माझा प्रश्न आहे.

चावी मी करून ठेवली आहे. सकाळी तुकडा कापला, कानसला, तिथूनच तुटावी म्हणून मधोमध चर पाडला. आता ती माझ्या मुठीत आहे, घामाने हिरवट वास येतो आहे. लाईट येईपर्यंत मशीन उघडून बदलता येईल, तिला कळायचंही नाही. पण चर उथळ राहिला असेल तर बोट जाईल आणि चावी तशीच राहील. खोल झाला असेल तर उद्या नुसत्या घट्ट पिठानेच कापली जाईल, लग्नघरच्या बायका आंबतं पीठ घेऊन पलीकडच्या गल्लीत जातील, आणि सून मशीन उघडून पाहील तेव्हा आत तिला माझा हात दिसेल. तिला न सांगता तिच्या मशीनला हात लावायचा का, हे तर मी अजून स्वतःलाही विचारलेलं नाही. लाकूड टाकून पाहावं म्हटलं तर लाईट नाही, आणि लाईट आली की ती येईल.

आता एक सांगतो, हे मी घरात कोणाला सांगितलं नाही. कमजोर जागेचा नियम तुमचा आहे असं मी सगळ्यांना सांगत आलो, इतकी वर्षं. पण तुम्ही तो कधी बोललात, कुठे, कोणत्या कामावर, ते मला आठवत नाही. मी बसून खूप आठवून पाहिलं. मला फक्त तुमचे हात आठवतात, एका जिनिंगच्या मशीनला पितळेची चावी ठोकणारे. मी का म्हणून विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. आता शंका येते, त्या दिवशी डब्यात पोलादाचा तुकडाच नव्हता, म्हणून तर तुम्ही पितळ घेतलं नसेल? तसं असेल तर नियम माझा झाला, भीती पण माझी, आणि सून म्हणते तेच खरं. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, ते तुम्हालाही कळतं. तरी तुम्ही ते मुद्दाम केलं होतं का, एवढंच कळवा. लवकर कळवा उस्ताद, लाईट यायच्या आत.