कप्तानाच्या वहीतलं शेवटचं पान

बॉथेल, अमेरिका,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय पुरू,

तुला आणि रेखाला आशीर्वाद. तिचा गुडघा आता वाकतो, जिनाही चढते, असं अपर्णाकडून कळलं. माझ्या लेकीला तुमच्याकडच्या बातम्या माझ्याआधी समजतात. इथे पाऊस लागलाय. खिडकीशी बसून शाळेतल्या कविता आठवत राहतो. एखादी ओळ मधेच निसटते आणि दुपार तिच्या शोधात जाते.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. शेवटपर्यंत वाच.

आमची नात नेत्रा कॉलेजच्या ग्रंथालयात जुने कागद कॉम्प्युटरवर चढवते. तिला १८९३ सालच्या त्यांच्या फुटबॉल संघाच्या कप्तानाची वही मिळाली. फुटबॉल म्हणजे यांचा, चेंडू काखेत मारून पळायचा. गंमत अशी की या मुलांना जोडून लिहिलेलं इंग्रजी वाचताच येत नाही. म्हणून दर शनिवारी ती पानांचे फोटो आणते, मी मोठ्याने वाचतो, ती टाइप करते. चार रेघांच्या वहीत गिरवलेलं असं फळाला आलं.

पुरू, काय पोरं होती रे. डोक्याला काही नसायचं, म्हणून मार कमी लागावा यासाठी उन्हाळ्यापासून केस वाढवायची. एकदा आगगाडी चुकली तर मालगाडीत बसून सामन्याला गेली. सहा सामने, जिंकले दोनच. वाचताना माझा आवाज चढायचा, वर्गात कविता म्हणताना चढायचा तसा.

पाचव्या सामन्यापाशी मात्र अडखळलो. तेव्हा पंच बहुधा खेळणाऱ्या कॉलेजांतलेच असत. त्या दिवशी होता कप्तानाचा थोरला भाऊ, वॉल्टर. कप्तानानं चेंडू रेषेपार नेला. भावानं समोरच्याला धक्का दिला, असं सांगून वॉल्टरनं तो परत आणवला. सामना गेला. कप्तानानं एवढंच लिहिलंय, की ऊन समोरून होतं, वॉल्टरला दिसलं नसेल.

मी चष्मा पुसायला उठलो.

आपल्या घरीही असंच म्हणतात ना? १९७३, कोल्हापूर, कॉलेजांची फायनल. लाइनमन आला नाही म्हणून माझ्या हाती झेंडा दिला. एक-एक बरोबरी असताना तू शेवटी गोल मारलास आणि मी ऑफसाइड दिला. जादा वेळेत आपण हरलो. विद्यापीठाच्या संघात तुझं नाव आलं नाही. जेवताना आई म्हणाली, "जाऊ दे रे, दादा कवितेत असणार." तू हसलास. तेव्हापासून सगळे तेच सांगत आले, आणि मी सांगू दिलं.

मी कवितेत नव्हतो, पुरू. माझ्या मागे बसलेली त्यांची पोरं सुरुवातीपासून चिडवत होती, "घरचाच पंच आलाय न्हवं, मग काय बगायचं?" ते झोंबलं. त्यांचा बॅक गोलच्या बाजूला तुझ्या पुढे दोन पावलं होता, म्हणजे ऑफसाइड नव्हताच. मला स्वच्छ दिसला. तरी हात वर गेला. भावाची बाजू घेतली असं कुणी म्हणायला नको होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि कबूल करतो, मला बरं वाटलं.

काल वहीचं शेवटचं पान वाचलं. अक्षर वेगळं होतं. "धक्का नव्हता. मला दिसलं होतं. लोक पक्षपाती म्हणतील म्हणून भ्यालो. वॉल्टर."

नेत्राचे हात थांबले. "आजोबा, ही वॉज ब्रेव्ह."

मी म्हणालो, उशीर केला त्यानं.

"हाऊ लेट?"

तारखा पाहिल्या. एकोणीस दिवस.

मला बावन्न वर्षं लागली.

नोव्हेंबरअखेर तुमचा जुना संघ जमतोय म्हणे. कुणीतरी दादाच्या कवितेची गोष्ट काढीलच, आणि तू मला सांभाळून घेशील. या खेपेला घेऊ नकोस. हे पत्र सगळ्यांसमोर वाच. फोनवर तू "असू दे रे दादा" म्हणत मला बोलूच दिलं नसतंस.

तो गोल होता. तू जिंकला होतास.

सगळं नीट पाहिलेला,
तुझा दादा